माझ्या मशीनचा वेग

"मी दाबायची आणि अक्षर मागून यायचं. दाबायची आणि मागून यायचं," तहसीन म्हणाली आणि तिनं ओढणीचं टोक तोंडात कोंबलं.

परीक्षा नुकतीच संपली होती. वेळ संपताच सगळ्यांच्या लॅपटॉपवर निकाल आपोआप आला होता. तिच्या स्क्रीनवर लाल अक्षरांत 'अपात्र'. माझ्याही, खाली वेग: सव्वीस शब्द.

माझं मी समजू शकत होते. तहसीनचं मात्र डोक्यात शिरेना. परभणीत वट्टमवार सरांच्या टायपिंग क्लासला आम्ही दोघी जायचो. मी शिकायला जायची आणि ती शिकवायला. समोरच्या पोरीशी गप्पा मारत, कागदावर नजर ठेवून तिची बोटं चालायची आणि पान भरायचं. महामंडळाच्या लिपिक पदाची लेखी परीक्षा आम्ही दोघी पास झालो होतो. आता फक्त हे टंकलेखन राहिलं होतं, मिनिटाला तीस शब्द. तहसीनला तीस म्हणजे काहीच नाही. आणि वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची संधी होती.

"माझंही तसंच झालं," मी म्हणाले.

मला खरंच तसं वाटलं. परीक्षेत माझी बोटं अडखळली होती, शब्द तुटले होते, मध्येच ओळ हरवली होती. हे का झालं याचं उत्तर मी शोधतच होते, आणि तहसीननं ते आयतं माझ्या हातात ठेवलं.

मी उभी राहिले. शाळेपासून कधी कुठे उभी राहून बोललेली बाई नाही मी. पण त्या दिवशी आवाज असा निघाला की शेवटच्या रांगेतल्यांनी माना वळवल्या.

"आमची मशीनं हळू चालली. हा निकाल आम्हाला मान्य नाही."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "माझंही हळू होतं." मग अजून एकजण. मग चार-पाच जण एकदमच बोलायला लागले. परीक्षा घेणाऱ्या ठेकेदार कंपनीचा माणूस, बोरगे, खांद्याला बॅग लावून पुढं आला. पंचविशीतला, चुणचुणीत.

"मॅडम, सगळे लॅपटॉप एकाच बनावटीचे आहेत. एकाच दिवशी सॉफ्टवेअर टाकलंय. एक हळू आणि एक जोरात, असं होत नसतं."

"मग ही नापास कशी झाली?" मी तहसीनकडे बोट दाखवलं. "ही टायपिंग शिकवते!"

महामंडळाच्या अधिकारी देशभ्रतार मॅडम नागपूरकडच्या होत्या. शांतपणे सगळ्यांचं ऐकून त्या म्हणाल्या, "लेखी तक्रार द्या. उद्या तुमच्यासमोर मशीन तपासून घेऊ. झालं?"

तक्रार मीच लिहिली. खाली सह्या झाल्या. पहिली सही माझी होती.

घरी गेले तेव्हा दिगंबर, माझा नवरा, दुकान बंद करून आला होता. आमचं रंगाचं दुकान आहे, स्टेशन रोडला. मी सांगत गेले तसा तो जेवायचा थांबला.

"तू बोललीस? सगळ्यांसमोर?"

"मग काय करायचं!"

"शाब्बास," तो म्हणाला, आणि सासूबाईंना हाक मारून मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. लग्नाला नऊ वर्षं होत आली होती. माझ्या एखाद्या गोष्टीचं त्याला इतकं कौतुक वाटलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

दुसऱ्या दिवशी आम्हाला महामंडळाच्या कार्यालयात बोलावलं. तहसीन, मी आणि सह्या करणाऱ्यांपैकी तिघंचौघं. वट्टमवार सरही आले, क्लासच्या नावाचा प्रश्न होता म्हणून. बोरगेनं तहसीनच्या जागेवरचा लॅपटॉप बॅगेत घालून आणला होता. टेबलावर ठेवला, बॅगेतून चार्जर काढून लावला, परीक्षेचं सॉफ्टवेअर उघडलं.

"टाइप करा," देशभ्रतार मॅडम म्हणाल्या.

तहसीन बसली. पहिला शब्द, दुसरा, तिसरा. मग तिची बोटं सुटली. अक्षरं तिच्या बोटांखालून निघाल्यासारखी उमटत होती. लॅपटॉपचा पंखा घूं घूं करत होता आणि उतारा संपत आला होता.

"मागून येतायत का अक्षरं?"

"नाही," तहसीन म्हणाली.

"काल हेच मशीन होतं?"

"हेच. कोपऱ्याला ओरखडा आहे, हाच."

बोरगे आम्हाला टोचून बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. तो अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "होतं असं मॅडम. परीक्षेचं टेन्शन असतं. आम्ही दर ठिकाणी बघतो, नापास झालेल्यांना मशीनच हळू वाटतं."

वट्टमवार सर खुर्चीतून उठले. सत्तरीला टेकलेला माणूस. हात जोडून म्हणाले, "मॅडम, आमच्या मुलींच्या वतीनं मी माफी मागतो. तुमचा वेळ गेला."

आमच्यासाठी सरांनी हात जोडले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. सह्या करणारे बाकीचे कधी निघून गेले ते कळलंही नाही. जिन्यातून उतरताना एकजण दुसऱ्याला म्हणत होता, "त्या डहाळे बाईच्या नादी लागलो उगाच." डहाळे म्हणजे मी.

खाली गेटपाशी मी तहसीनला विचारलं, "आज कसं काय चांगलं चाललं गं?"

"काय माहीत. आज सुरू केल्याबरोबर पंखा वाजायलाच लागला. काल शेवटपर्यंत मशीन गप्प होतं. मी तळहात टेकवला होता ना, गारच्या गार."

ती सहज बोलून गेली. पण मला ते खटकलं. लग्नाआधी मी इथल्याच पॉलिटेक्निकला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होते. दुसऱ्या वर्षी लग्न ठरलं आणि तो सुटला. तेवढ्यात जे शिकले त्यातलं एक आठवत होतं: हळू चालणारं यंत्र बहुधा तापलेलं असतं. गार आणि हळू, हे जमत नव्हतं.

"माझ्याबरोबर चल," मी म्हणाले. "कानडखेडकर मॅडमकडे जाऊ."

कानडखेडकर मॅडमनी मला दीड वर्ष शिकवलं होतं. डिप्लोमा सोडताना त्यांना सांगायला जायचं धाडस मला झालं नव्हतं. त्यानंतर बाजारात त्या दिसल्या की मी दुकान बदलायची. आता सुट्टीमुळे पॉलिटेक्निक ओस होतं, पण त्या लॅबमध्ये एकट्याच काहीतरी काम करत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी चष्मा वर केला.

"सारिका ना? दुसऱ्या रांगेत बसायचीस. कुठं गेलीस मग तू एकदम?"

"लग्न झालं मॅडम."

"लग्न माझंही झालंय," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी आम्हा दोघींना स्टुलं दिली. मी खाली मान घालून सगळी हकिगत सांगितली.

त्यांनी आपला लॅपटॉप आमच्याकडे वळवला. प्रोसेसरचा वेग दाखवणारा आकडा स्क्रीनवर आणला. आकडा एका जागी थांबत नव्हता. वर जायचा, खाली यायचा.

"आता मी काहीच करत नाहीये. बघ, किती खाली आलाय." मग त्यांनी एक भलीमोठी फाइल उघडली. आकडा झपकन वर चढला, पंखा वाजायला लागला. फाइल उघडून झाली तसा आकडा पुन्हा खाली घसरला.

"बिघडलंय का हे?" तहसीननं विचारलं.

"नाही गं. असंच चालायला पाहिजे. आत कोट्यवधी बारीक स्विच आहेत. सारखी उघडझाप चालू. वेग वाढवायचा तर प्रत्येकानं आणखी भरभर उघडझाप करायची, आणि त्यासाठी त्यांना विजेचा दाब जास्त लागतो. व्होल्टेज. गंमत अशी, की दाब दुप्पट केला तर विजेचा खर्च दुप्पट होत नाही, चौपट होतो. वर वाढलेल्या वेगाचा खर्च वेगळाच. आणि एवढी सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. मग काम नसताना कशाला जाळायची? म्हणून ते वेगही उतरवतं आणि दाबही उतरवतं. नुसता वेग उतरवला तर थोडंच वाचतं. दोन्ही उतरवले की खरं वाचतं."

"आणि हे ठरवतं कोण?" मी विचारलं.

"ते स्वतःच. सेकंदात कितीतरी वेळा. तीन गोष्टी बघतं. काम किती आलंय, आपण किती तापलोय, आणि आपल्याला वीज किती मिळू शकते."

"मग तापलं असेल. मे महिना, त्या हॉलला एसी नव्हता."

"तापलं होतं?"

"नाही," तहसीन म्हणाली. "गार होतं. पंखा वाजलाच नाही."

मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. "काम होतं का त्याला? नुसतं टायपिंगच ना?"

"टायपिंग, पण कॅमेराही चालू होता. आमचं रेकॉर्डिंग करत होते. स्क्रीनचंसुद्धा."

"म्हणजे काम भरपूर. तापलेलं नाही. तरी वर चढेना." त्यांनी टेबलावरचा चार्जर उचलला आणि त्याच्या पिनेच्या मधोमध असलेली सुईसारखी बारीक तार आम्हाला दाखवली. "ही बघा. काही कंपन्यांच्या चार्जरला असते. ह्या तारेतून चार्जर लॅपटॉपला सांगतो, मी एवढी वीज देऊ शकतो. नकली चार्जर असला, किंवा ही तार तुटली असली, की उत्तरच येत नाही. मग लॅपटॉपला कळत नाही की हा किती देईल. जास्त ओढली आणि चार्जर जळाला तर? म्हणून ते तळाला जाऊन बसतं. कितीही काम द्या, वर येत नाही."

"पण आज ऑफिसात तेच मशीन होतं," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच मला दिसलं, बोरगेनं बॅगेतून काढलेला चार्जर. तो त्याचा स्वतःचा होता.

हॉलमधले चार्जर तर टेबलांनाच प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेले होते. चोरी होऊ नये म्हणून.

तहसीननं माझा दंड घट्ट धरला.

"तुझ्या मशीनचं काय?" मॅडमनी मला विचारलं.

"माझंही तसंच."

"गार होतं?"

"तसं लक्ष नव्हतं दिलं मॅडम. पण हळू होतं."

त्या एवढंच म्हणाल्या, "बरं."

देशभ्रतार मॅडमना पुन्हा भेटायला मी एकटी गेले. तहसीन यायला तयार नव्हती. दाराबाहेर बराच वेळ थांबून मग आत गेले.

"पुन्हा?" त्या म्हणाल्या. "बाई, मागच्या वेळी तुमच्या सरांनी हात जोडले, मलाच कसंतरी झालं. आता काय राहिलं?"

मी चार्जरचं सांगितलं. वेग आणि दाबाचंही सांगितलं, जसं मॅडमनी सांगितलं होतं तसंच. सांगताना मला जाणवलं की मला ते नीट कळलंय. मध्ये कुठं अडखळले नाही. त्यांनी दोन-तीन प्रश्न विचारले, त्यांचीही उत्तरं मला देता आली.

"फक्त हॉलमध्येच तपासा," मी म्हणाले. "ज्या टेबलावर जो लॅपटॉप, त्याला त्याच टेबलाचा चार्जर. बाकी काही नको."

त्यांनी फोन उचलला. इतर तुकड्यांच्या परीक्षा त्याच हॉलमध्ये चालू होत्या, त्यामुळे तहसीनचा लॅपटॉप परत जागेवर होता आणि बाकी काही हललेलं नव्हतं. रविवारी हॉल रिकामा होता. सगळ्या नापासांना निरोप गेला. मला टाळून जिना उतरलेलेही आले. वट्टमवार सर शेवटच्या खुर्चीत बसले. दिगंबर दुकान सोडून आला आणि दाराशी उभा राहिला.

सुरुवात तहसीनच्या टेबलापासून झाली. बोरगेनं लॅपटॉप सुरू केला. काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या, त्यानं सवयीनं एक कळ दाबली आणि त्या गेल्या.

"काय होतं ते?" देशभ्रतार मॅडमनी विचारलं.

"काही नाही मॅडम. चार्जर ओळखू येत नाही म्हणतं. एंटर मारलं की जातं."

बोलून झाल्यावर त्याच्याच लक्षात आलं. त्याचा चेहरा उतरला.

मी वेगाचा आकडा स्क्रीनवर आणायला सांगितला. शून्य पॉइंट सात नऊ. तहसीन बसली, कॅमेरा चालू झाला, ती टाइप करायला लागली. तिची बोटं पुढच्या शब्दावर असायची आणि स्क्रीनवर मागचा शब्द उमटायचा. आकडा हलला नाही. शून्य पॉइंट सात नऊ. मग मी बोरगेला त्याचा चार्जर लावायला सांगितला. पंखा वाजला, आकडा तीनच्या वर गेला, आणि अडकलेली अक्षरं सगळी एकदम धावत आली.

हॉलमध्ये जो आवाज झाला तो मला अजून ऐकू येतो. कुणी शिटी मारली. सर उठून उभे राहिले होते. तहसीन दोन्ही हातांनी चेहरा झाकून रडत होती, आणि दाराशी दिगंबर शेजारच्याला सांगत होता, "आमच्या घरची आहे ती. सारिका."

"सगळी मशीनं तपासा," देशभ्रतार मॅडम म्हणाल्या. "एकेक करून. ज्यांची अडकलेली निघतील त्यांची फेरपरीक्षा होईल."

मग मी पुढं आणि सगळे मागं, असं टेबलामागून टेबल सुरू झालं. एक अडकलेलं. दुसरं अडकलेलं. तिसरं चांगलं, त्या टेबलावरचा पोरगा पासच झालेला होता. चौथं अडकलेलं. प्रत्येक वेळी मी आधी चार्जरची पिन बघायची आणि सांगायची, "हे अडकणार." आणि ते अडकायचं. लोक हसायचे. मलाही हसू येत होतं.

मग आम्ही माझ्या टेबलाशी आलो.

चार्जरला पट्टी घट्ट बांधलेली होती. पिनेच्या मध्ये बारीक तार होती, सरळ, चकचकीत. मी ती बघितली आणि काही बोलले नाही. बोरगेनं मशीन सुरू केलं. काळा पडदा आला आणि गेला, त्यावर काही उमटलं नाही. कॅमेरा चालू झाला. आकडा सरसर वर चढला. पंखा वाजायला लागला आणि लॅपटॉपच्या डाव्या बाजूनं गरम वारा माझ्या मनगटावर आला.

तो वारा मला ओळखीचा होता. परीक्षेच्या दिवशी पूर्ण वेळ तो माझ्या मनगटावर येत होता. हॉलमधल्या उकाड्याला मनातल्या मनात शिव्या देत मी हात सारखा मागं घेत होते.

"टाइप करून बघा ताई," बोरगे म्हणाला.

मी टाइप केलं. 'महामंडळाच्या कार्यक्षेत्रातील' असे दोन शब्द. दाबताक्षणी अक्षर येत होतं. मी थांबले, पुन्हा दाबलं. काहीतरी अडेल म्हणून वाट बघितली. माझं बोट चुकलं, चूकही ताबडतोब उमटली.

सगळ्यांना दिसत होतं.

देशभ्रतार मॅडम भल्या बाई. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "मधल्या दिवसांत इथं बऱ्याच तुकड्या बसल्या. कदाचित चार्जर बदलले गेले असतील. हे तुम्ही शोधून काढलंत, फेरपरीक्षेत तुमचं नाव घालायला माझी काही हरकत नाही."

बोरगे लगेच म्हणाला, "हो हो, बदललाही असेल."

सगळेच मला सोडवायला बघत होते. मला फक्त मान हलवायची होती. दाराशी दिगंबर टाचा उंचावून बघत होता, त्याला तिथून आकडा दिसत नव्हता. तहसीन मात्र माझ्या अगदी जवळ उभी होती आणि ती फरशीकडे बघत होती.

"नाही मॅडम," मी म्हणाले. "बदललेला नाही. हाच होता. माझ्या मशीनला काही झालं नव्हतं."

एवढं बोलून मी पुढच्या टेबलाकडे वळले, कारण तिथं उभं राहवेना. उरलेली टेबलं मीच तपासली. पिन बघायची, आणि "अडकणार" किंवा "चांगलं" म्हणायचं. आता कुणी हसत नव्हतं.

परत येताना स्कूटरवर दिगंबरनं विचारलं, "फेरपरीक्षा कधी आहे?"

"माझी नाही. माझं मशीन चांगलं निघालं."

त्यानं एक सिग्नल ओलांडला. मग म्हणाला, "असू दे. पण केलंस तर तूच."

त्याच्या पाठीमागं बसले होते ते बरं होतं. तोंड दिसत नव्हतं.

चार दिवसांनी स्थानिक पेपरात बातमी आली. 'परभणीच्या महिलेनं उघड केला परीक्षेतील घोळ.' माझा फोटो होता, हॉलमधला, बोट उचलून बोलतानाचा. दिगंबरनं ती कापून दुकानाच्या काचेला आतून चिकटवली. मी नको म्हटलं, त्याला वाटलं मी लाजतेय. मी दुकानात गेले की डिस्टेंपर घ्यायला आलेली माणसं विचारायची, "मग मॅडम, लागली ना नोकरी?" मी डबे मोजायला आत जायची.

तहसीन फेरपरीक्षेत पहिली आली. तिला जिंतूरला नेमणूक मिळाली. जायच्या आदल्या दिवशी ती घरी आली, पेढे घेऊन. सासूबाईंच्या पाया पडली. मग आम्ही दोघी आतल्या खोलीत बसलो. पेढ्याचा बॉक्स आमच्या मध्ये तसाच होता.

"तुला एक सांगायचंय," ती म्हणाली. "मला माहीत होतं."

"काय?"

"तुझं मशीन. मी मागच्याच रांगेत बसले होते ना. माझं अडकायलं म्हणून मी तुझ्याकडे बघितलं होतं, तुझंही अडकतंय का ते बघायला. तुझी अक्षरं बरोबर येत होती."

मी बॉक्सवरचा दोरा बोटाला गुंडाळत राहिले.

"तू उभी राहिलीस, माझंही म्हणालीस, तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं. पण माझ्या एकटीचं कुणी ऐकलं असतं का? तू बोललीस म्हणून सगळे बोलले. मला वाटलं, हिला कळलं तर ही खाली बसेल." तिनं ओढणीचं टोक मुठीत घेतलं. "मॅडमकडे तू पुन्हा म्हणालीस, माझंही तसंच. मी गप्प बसले. आणि त्या दिवशी हॉलमध्ये तुझ्या टेबलाकडे सगळे निघाले, तेव्हा मला वाटलं पळून जावं. रागावलीस?"

राग आला नव्हता. मला दिसत होतं ते वेगळंच. एवढे दिवस मी तिच्यापुढं छाती काढून चालत होते. तिच्यासाठी भांडतेय असं मला वाटत होतं, आणि ते भांडण मी मांडलं होतं माझ्या नापास होण्यावर पांघरूण घालायला. हे मला दिसलं नव्हतं, तिला मात्र पहिल्या दिवसापासून दिसत होतं. माझं खोटं मला माहीत नव्हतं, आणि तिनं ते माझ्या वतीनं सांभाळून ठेवलं होतं.

"माझा स्पीड किती आहे गं, खरं सांग," मी विचारलं. "क्लासमध्ये."

ती घुटमळली. "चोवीस. पंचवीस कधीतरी. परीक्षेत सव्वीस आला म्हणजे तुझा पेपर चांगलाच गेला होता."

"मग तू मला फॉर्म भरताना बोलली का नाहीस?"

"तू म्हणायचीस, घरी रोज दोन तास करते. मला वाटलं, येईल."

घरी मी रोज कधीच केलं नव्हतं. तेही तिला माहीत असणार. मी पेढ्याचा बॉक्स उघडला, एक तिला दिला, एक घेतला. आम्ही दोघींनी एकमेकींकडे न बघता खाल्ला.

पुढच्या सोमवारी मी वट्टमवार सरांच्या क्लासला गेले. तहसीनच्या खुर्चीवर आता दुसरीच मुलगी होती. सरांनी मला बघून घाईघाईनं जागा करून दिली.

"बसा, बसा. शिकवायला येताय ना? आमच्याकडे जागा आहेच."

"शिकायला आले सर. पहिल्या धड्यापासून."

त्यांना वाटलं मी विनय दाखवतेय. त्यांनी पोरींकडे वळून मोठ्यानं सांगितलं, "बायांनो, ह्याच त्या सारिकाताई डहाळे. पेपरात आलेल्या. ह्यांच्यामुळे अकरा जणांना न्याय मिळाला." पोरी उभ्या राहिल्या. टाळ्या वाजवायला लागल्या, खऱ्या मनानं, हसत. पुढच्याच रांगेतल्या एकीनं विचारलं, "ताई, तुम्हाला कुठं मिळालं पोस्टिंग?"

हातातली पिशवी मी खुर्चीवर ठेवली. टाळ्या थांबेपर्यंत उभी राहिले.

"मला नाही मिळालं," मी म्हणाले. "त्या अकरा जणांची मशीनं खराब होती. माझं चांगलं होतं. मला टाइप करता येत नव्हतं."

सर चष्मा पुसायला लागले. विचारणारी मुलगी हळूच खाली बसली, आणि मग तिनं शेजारच्या खुर्चीवरची आपली पर्स उचलून मांडीवर घेतली.

"इथं बसा ताई," ती म्हणाली. "मी पण पहिल्याच धड्यावर आहे."